अक्कांच्या भिशीचे अठरा हजार

आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ जुलै २०२५ ला, संध्याकाळी गल्लीतल्या अक्का घरी आल्या. पदराच्या गाठीत पैसे होते. भिशी लागली होती, १८,००० रुपये. धाकट्या लेकीला बीसीएला प्रवेश मिळाला होता आणि लॅपटॉप लागतोच असं तिला वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं.

"वैनी, तुम्ही कारखान्यात दिवसभर कंप्युटरवरच बसता की ओ. पोरीला एक बघून द्या. नवा जमत नाही. जुना द्या, पण फसायला नको."

अक्का पंधराव्या वर्षापासून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, अशा त्या दारात बसलेल्या दिसल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. मजुरी हजार विड्यांवर मिळते. अठरा हजारांत किती विड्या झाल्या असतील याचा हिशेब मी मनात धरला आणि मग सोडून दिला. गाठ सोडू नका, पैसे तुमच्याकडेच ठेवा, मशीन मिळालं की सांगते, एवढं बोलून त्यांना चहा दिला.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. कंप्युटरचं शिक्षण माझं नाही, बी.कॉम. आहे. जुन्या लॅपटॉपमधलं जे काही कळतं ते स्वतःचे पैसे गेल्यावर कळलेलं आहे.

जून २०२१ ची गोष्ट. दुसरी लाट ओसरत होती, शाळा अजून मोबाइलवरच होती, मुलगा आठवीत. शहरातल्या एका दुकानातून मी १६,५०० रुपयांना जुना लॅपटॉप घेतला. की-बोर्डच्या बाजूला 'कोअर आय-७' असं चकचकीत स्टिकर होतं. दुकानदार म्हणाला, आय-७ च्या वर काही नसतं मॅडम. मी मान डोलावली, कारण मला तेवढंच माहीत होतं. घरी आणल्यावर तो सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा. चार्जर काढला की वीस-पंचवीस मिनिटांत बंद. घटक चाचणीच्या मध्येच तो बंद पडला आणि मुलगा रडायला लागला. मी दुकानात परत गेले तर उत्तर मिळालं, जुना माल आहे, गॅरंटी नसते.

आमच्या ऑफिसात टॅली बसवायला एक दादा यायचे. त्यांना दाखवला. त्यांनी स्टिकरकडे बघितलंसुद्धा नाही. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं, पूर्ण नाव वाचलं: आय७-४६००यू. "ताई, हा चौथ्या पिढीचा. २०१३ चा आहे." आठ वर्षं जुनं मशीन मी नवीनच्या निम्म्या किमतीला घेतलं होतं आणि आत अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती.

त्या दिवसापासून मी तो नंबर वाचायला शिकले. इतका सोपा आहे की कोणी आधी का सांगितला नाही याचं आजही वाईट वाटतं. आय-५, आय-७ नंतर जो चार आकडी नंबर येतो त्याचा पहिला आकडा म्हणजे पिढी. ४६०० असेल तर चौथी, ७२०० असेल तर सातवी, ८२५० असेल तर आठवी. दहावीपासून पुढे दोन आकडे धरायचे. शेवटी 'यू' असेल तर कमी वीज खाणारा, साध्या लॅपटॉपमधला प्रोसेसर. आणि या 'यू' वाल्यांत सातव्या आणि आठव्या पिढीच्या मध्ये मोठी भिंत आहे. सातव्या पिढीपर्यंत आय-५ असो की आय-७, आत दोनच कोअर, म्हणजे एका वेळी काम करणारे दोनच हात, असायचे. आठवीत ते चार झाले. म्हणजे आठव्या पिढीचा आय-५ हा सातव्या पिढीच्या आय-७ पेक्षा बहुतेक कामांत पुढे असतो. स्टिकर मात्र उलटं सांगतं.

त्याच ठिकाणी आणखी एक रेघ ओढली गेली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप अशी अट घातली. सातव्या पिढीतले अगदी मोजके त्यात बसतात. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती. त्यामुळे अक्का आल्या तेव्हा, जुलैमध्ये, सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप बाजारात ढिगाने येत होते. दुकानात गेलं की पहिले तेच पुढे केले जायचे: दिसायला छान, आय-७, ११-१२ हजार. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून वापरणाऱ्याला ते खरोखर उत्तम आहेत. आमच्या गोदामातला स्टॉकचा लॅपटॉप तसाच चालतो. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला, जिच्या प्रॅक्टिकलच्या सूचना विंडोज धरून लिहिलेल्या असतात, मी तो देणार नव्हते. निदान तीन वर्षं तिला सुरक्षा अपडेट मिळायला हवे होते.

म्हणून पहिली अट आठवी पिढी. दुसरी अट, घरगुती मॉडेल नको, कंपन्यांना विकलेलं मॉडेल हवं. डेलचं लॅटिट्यूड, एचपीचं एलिटबुक, लेनोवोचं थिंकपॅड टी मालिकेतलं. पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या कंपन्या हे लॅपटॉप तीन-चार वर्षं वापरतात आणि मग एकगठ्ठा काढून टाकतात. तोच माल नवी पेठेतल्या दुकानांपर्यंत येतो. हे लॅपटॉप उघडायला साधे स्क्रू असतात, सुटे भाग मिळतात, ते खोलायचे कसे याची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवलेली असते. १८,००० मध्ये कधी कधी नवाकोरा लॅपटॉपही दिसतो. पण त्यात बहुतेक वेळा सेलेरॉन हा मंद प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि बोर्डालाच चिकटवलेली छोटी साठवण असते. दुसऱ्या वर्षी तो पोरीच्या गळ्यात पडला असता.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. चार वर्षांत मी ऑफिसातल्या आणि नात्यातल्या लोकांना नऊ लॅपटॉप घेऊन दिले. त्यातले जे खरोखर स्वस्तात मस्त निघाले, ते निर्दोष नव्हते. त्यांच्यात असा दोष होता जो दिसायला मोठा आणि दुरुस्तीला छोटा होता.

पहिल्यांदा हे मला आमच्याच कारखान्यात कळलं. डिस्पॅचचा एक लॅपटॉप दर दहा मिनिटांनी तापून बंद पडायचा. मालकांनी तो भंगारात काढायला सांगितला. मी तो साखर पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यांनी मागचं झाकण काढलं तर पंख्यावर पांढरी गादीच बसली होती. मागाच्या खात्यात जो सुताचा बारीक भुगा उडत असतो, तो वर्षानुवर्षं आत ओढला जाऊन जाळीवर नमद्यासारखा घट्ट झाला होता. हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. ब्रशने साफ केलं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, ४०० रुपये घेतले. तो लॅपटॉप आजही डिस्पॅचला आहे. सोलापुरात लूम, शिवणकाम, टॉवेल पॅकिंग अशा ठिकाणी वापरलेलं मशीन गरम होतंय म्हणून कोणी स्वस्तात देत असेल तर आधी त्याचं झाकण उघडून बघा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

तेव्हापासून मी मनात दोन खाती ठेवते. स्वस्त दोष: मेलेली बॅटरी (बाहेरून बदलता येणारी असेल तर फारच उत्तम), कमी रॅम, हार्ड डिस्क, घासून चमकलेलं की-बोर्ड, झाकणावरचे ओरखडे, कंपनीच्या स्टिकरचा चिकट डाग, धूळ. महाग दोष: बोर्डाची कुठलीही तक्रार, स्क्रीनवरच्या रेघा, बिजागरीपाशी तडकलेली बॉडी, बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डातल्या सेटिंगचा) पासवर्ड, आणि कंपनीचं कुलूप, जे पुढे सांगते. पहिल्या खात्यातला दोष दिसला की मी भाव पाडते. दुसऱ्या खात्यातला दिसला की उठते, मग भाव कितीही खाली येवो.

अक्कांच्या लेकीसाठी आम्ही तीन रविवार फिरलो. तिला मी मुद्दाम सोबत घेतलं. मशीन तिचं, तर तपासायलाही तिनेच शिकावं.

पहिल्या रविवारी नवी पेठेत एक सुंदर, पातळ लॅपटॉप १६,००० ला होता. आठवी पिढी, १६ जीबी रॅम. मुलीचे डोळे चमकले. मी तो सपाट काचेच्या काउंटरवर ठेवला आणि तो एका कोपऱ्यावर हलला. टचपॅड किंचित वर आलेलं, डाव्या बाजूला क्लिक होत नव्हतं. आतली बॅटरी फुगली होती. फुगलेली बॅटरी बदलता येते, तिला मी एरवी स्वस्त दोषच म्हटलं असतं, पण ती फुगून तिने वरची चौकट वाकवली होती आणि बिजागरीपाशी केसाएवढी चीर गेली होती. दुकानदार म्हणाले बॅटरी बदलून देतो. चौकट सरळ कोण करणार होतं? शिवाय फुगलेली लिथियम बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. असं मशीन हातात आलं तर चार्जिंगला लावू नका, एवढं तरी लक्षात ठेवा.

दुसऱ्या रविवारी जुळे सोलापुरात एका घरी गेलो. जाहिरात बघून फोन केला होता. गृहस्थ सभ्य, लॅपटॉप जवळजवळ नव्यासारखा, भाव १५,०००. सगळं चालत होतं. मी विचारलं, रीसेट करून, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने सुरू करून, बघूया का? तासभर लागेल, आम्ही थांबतो. त्यांना नवल वाटलं पण हो म्हणाले, त्यांच्या आईने आम्हाला पोहे दिले. रीसेट झालं, वायफाय जोडलं, आणि पडद्यावर एका कंपनीचं नाव आलं आणि खाली त्या कंपनीच्या ईमेलने लॉगिन करा असं आलं. ते मशीन अजून त्या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली नोंदलेलं होतं. इंटरनेट न जोडता विंडोज टाकलं तर हे कुलूप दिसत नाही, महिनोन्‌महिने चालतं, आणि ज्या दिवशी पुन्हा विंडोज टाकायची वेळ येते त्या दिवशी मशीन अडतं. त्या गृहस्थांनाही ते माहीत नव्हतं. त्यांनीही ते दुसऱ्याकडून जुनंच घेतलं होतं. त्यांचा चेहरा बघून मला २०२१ ची मी आठवले. मूळ कंपनीकडे लेखी मागणी करा, त्यांनी त्यांच्या यादीतून नंबर काढला तरच हे सुटेल, असं सांगून आम्ही निघालो.

मधल्या आठवड्यात मुलीने फोनवर एक जाहिरात दाखवली. ११,००० ला आठव्या पिढीचा, फोटो झकास, विकणारा म्हणे सैन्यात, बदली झालीय, २,००० आधी पाठवा, लॅपटॉप कुरिअरने येईल. मी तिला तिथेच थांबवलं. समोर न बघता एक रुपया द्यायचा नाही. आणि कोणी पैसे परत देण्यासाठी क्यूआर कोड पाठवला आणि पिन टाका म्हणाला तर फोन बंद करायचा, कारण यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की पैसे जातात. हे मी तिच्या आईलाही समजावलं, कारण फोन दोघींत एकच आहे.

तिसऱ्या रविवारी नवी पेठेतच, आतल्या गल्लीत, एका छोट्या दुकानात थिंकपॅड टी४८० दिसला. शेल्फच्या अगदी खाली, कारण दिसायला वाईट होता. झाकणावर स्टिकर खरवडल्याचा पांढरा पट्टा, ए आणि ई ही बटणं घासून तुकतुकीत झालेली. भाव १७,५००. आत आय५-८३५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, म्हणजे फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी येणारी वेगवान साठवण. मला आतून आनंद झाला, पण चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

आम्ही दीड तास तिथे बसलो. दुकानातल्या पोऱ्याने चहा आणून दिला, दुकानदार भाऊ दोनदा म्हणाले, "काय बघलालाव ताई एवढं?" पण त्यांनी आडकाठी केली नाही, आणि त्या एका गोष्टीमुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तपासू देत नाही ते दुकान सोडावं.

मी आधी विंडोज बघतच नाही, बायोस बघते. थिंकपॅड सुरू होताना एंटर आणि मग एफ१ दाबलं की ते उघडतं. सुरक्षेच्या पानावर सुपरवायझर पासवर्ड बंद आहे ना, एवढं पहिलं. थिंकपॅडला तो पासवर्ड असेल आणि कोणाला माहीत नसेल, तर कंपनीच्या मते मुख्य बोर्ड बदलणं हाच इलाज आहे. त्याच पानावर अ‍ॅब्सोल्यूट नावाची चोरी-शोध यंत्रणा चालू ठेवलेली नाही ना, तेही बघून घेतलं. तिथला सिरियल नंबर खालच्या बाजूला छापलेल्या नंबरशी जुळवला आणि फोनवरून लेनोवोच्या वॉरंटीच्या पानावर टाकला. वॉरंटी २०२२ मध्ये संपलेली, तीन वर्षांची होती. म्हणजे २०१९ चं मशीन. दुकानदारांनीही २०१९ च सांगितलं होतं. दोन्ही जुळलं की मला बरं वाटतं, पावती आणि खतावणी जुळल्यासारखं.

मग बॅटरी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं जोडून टाइप केलं की एक फाइल तयार होते. तीत दोन आकडे बघायचे: मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे, खटके सरकवून निघणारी. दोन्हींची मूळ क्षमता सुमारे २४,००० मिलिवॉट-अवर. आतलीची आजची निघाली २०,४००, म्हणजे ८५ टक्के. मागचीची ६,९००. मुलीने स्वतःच भागाकार केला आणि म्हणाली, "काकू, ही तर गेली." मी म्हटलं, गेली, आणि म्हणूनच हा आपल्याला परवडणार आहे. स्क्रूड्रायव्हरसुद्धा न लागता बदलता येणारी बॅटरी खराब असणं यापेक्षा सोयीचा दोष मला माहीत नाही.

टी४८० मध्ये एक गोष्ट मी जास्त काळजीने बघितली. तो फक्त टाइप-सी ने चार्ज होतो, दुसरं गोल तोंड नाही. आणि त्या काळातल्या काही थिंकपॅड मॉडेलांत, त्यात हेही आलं, थंडरबोल्ट या टाइप-सीमधल्या वेगवान जोडणीच्या फर्मवेअरमधल्या, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रॅममधल्या, चुकीमुळे टाइप-सी पोर्ट बंद पडायचा. कंपनीने त्यावर अपडेट काढलं, पण ते टाकलेलं असावं लागतं. म्हणून दोन्ही टाइप-सी पोर्टांत चार्जर लावून, प्रत्येकी पाच मिनिटं, केबल हलवून बघितली. दोन्हीकडे चार्ज होत होता. अपडेट आम्ही दुकानाच्या वायफायवर तिथेच टाकून घेतलं.

एसएसडी बघायला मी पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्रॅम घेऊन फिरते. तब्येत ९१ टक्के दाखवली, ठीक. नोटपॅडमध्ये मुलीने एकेक बटण ओळीने दाबलं, वरच्या आकड्यांसकट. मी हिशेबवाली आहे, आकड्यांच्या ओळीतलं एक बटण अडकलं तर काय होतं ते मला ठाऊक आहे. कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह, एचडीएमआयला दुकानातलाच मॉनिटर. झाकण तीन-चार वेळा उघडबंद केलं, मध्येच सोडलं तर जागेवर राहतं का बघितलं.

स्क्रीनसाठी दुकानाच्या दारात आले. पूर्ण पांढरं पान लावलं, मग पूर्ण काळं. पांढऱ्यावर दाबल्याचे धुरकट ठिपके दिसतात, काळ्यावर कोपऱ्यांतून गळणारा उजेड. मग उभी राहून वरून वाकून पाहिलं. हलक्या जातीच्या पडद्यावर असं पाहिलं की रंग उलटे होतात. याचे झाले नाहीत. टी४८० मध्ये दोन्ही जातींचे पडदे येतात, त्यामुळे नुसतं मॉडेलचं नाव ऐकून घेऊ नये. शेवटी एक्सेल उघडून किती स्तंभ एका नजरेत मावतात ते मोजलं. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर आणि १९२० बाय १०८० च्या पडद्यावर यात केवढा फरक पडतो हे रोज लेजर बघणाऱ्यालाच विचारा. हा मोठा निघाला.

आणि मग रीसेट, वायफाय जोडून. त्या चाळीस मिनिटांत आम्ही दोघी काही बोललो नाही. साधं, कोणाचंही नाव नसलेलं पान आलं तेव्हा मुलीने माझा हात दाबला. विंडोजही स्वतःच्या डिजिटल परवान्यावर सक्रिय झालं. कंपन्यांच्या मशीनमध्ये प्रो आवृत्तीची किल्ली बहुतेकदा बोर्डातच नोंदलेली असते, त्यामुळे दुकानदाराने 'क्रॅक', म्हणजे परवान्याला चुकवणारा प्रोग्रॅम, टाकायची गरजच पडत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची चोरीची प्रत मी काढायला लावली आणि फुकट मिळणारं लिबरऑफिस टाकून घेतलं.

भाव करताना मी आवाज चढवला नाही की उठून जायचं नाटक केलं नाही. बॅटरीचा अहवाल त्यांच्यासमोर ठेवला. मागची २९ टक्क्यांवर आहे भाऊ, नवी मलाच घ्यावी लागणार. स्टिकरचा डाग तुम्ही बघताच. जुनी बॅटरी तशीच राहू द्या, त्याचे कमी करा. त्यांनी थोडा विचार केला, गल्ल्याकडे बघितलं, आणि १४,८०० म्हणाले. मी त्यावर एक रुपयाही आणखी मागितला नाही. त्याऐवजी दोन गोष्टी मागितल्या: बिलावर सिरियल नंबर आणि मॉडेल, आणि तीन महिन्यांची वॉरंटी लेखी. बिल फक्त वॉरंटीसाठी नसतं. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसा संशय यायला जागा असताना घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि उद्या कोणी विचारलं तर त्या पोरीच्या हातात कागद असायला हवा. चार्जर मूळ ६५ वॉटचा आहे हे त्याच्यावरचं लेबल वाचून खात्री करून घेतलं.

मागची नवी बॅटरी २,४०० ला आली, बॅग ४५०. एकूण १७,६५०. उरलेले ३५० मी अक्कांच्या हातात परत दिले.

माझी एक चूक झाली, ती सांगते. मशीनला रॅमच्या दोन जागा आहेत आणि एक रिकामी होती. दिवाळीत ८ जीबी आणखी टाकू असं ठरवून मी ते पुढे ढकललं. वर्षाअखेरीस रॅमचे भाव इतके चढले की अजून ती जागा रिकामीच आहे. ८ जीबीवर तिचं सी आणि पायथन या भाषांतलं प्रोग्रॅमिंग व्यवस्थित चालतं, ब्राउझरचे पंधरा टॅब उघडले की मात्र अडखळतं. ज्यांना घ्यायचाय त्यांनी शक्य असेल तर मशीनसोबतच १६ जीबीचं बोलून घ्यावं. वापरलेली रॅमही चालते, फक्त आपल्यासमोर लावून मशीन सुरू करून दाखवायला सांगायचं.

लॅपटॉप घरी नेला त्या संध्याकाळी अक्कांनी सूप बाजूला ठेवून हात धुतले, पुसले, आणि मगच झाकणाला हात लावला. स्टिकरचा चिकट पट्टा त्यांनीच खोबरेल लावून, बोटाने घासून घासून काढला. ते मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. "किती वरसं चालंल वैनी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डिग्री होईपर्यंत चालायला हवा, मधे पंखा एकदा साफ करून घेऊ, तुमच्या घरात तंबाखूची धूळ असते. तेव्हापासून तो वापरात नसला की जुन्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेला असतो.

तीन महिन्यांत दुकानात एकदाच जावं लागलं, वायफाय सारखं तुटत होतं म्हणून. भाऊंनी कार्ड बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत. बिल अक्कांच्या पत्र्याच्या पेटीत आहे, त्यांच्या विडी कामगार ओळखपत्राच्या खाली.